नव्वदने गुणायच्या आधी: कर्वेनगरच्या एका कुटुंबाचं प्रकरण

फेब्रुवारी २०२५ मधल्या एका शनिवारी सकाळी ते दोघं माझ्याकडे आले. तो चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं डिझाइन करतो, ती एका लहान कंपनीत पगारपत्रकं सांभाळते. घरात चार वर्षांची मुलगी आणि त्याची आई. कर्वेनगरला स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यावर महिना ३४,००० रुपयांचा हप्ता. त्याला श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती: वर्षाला ५८,००० युरो. कर आणि विम्याचे हप्ते कापून महिन्याला साधारण ३,४०० युरो हातात. होय-नाही कळवायला तीन आठवडे होते.

मी घरांच्या पैशांचं नियोजन करून देते. परदेशी जावं का, हा प्रश्न माझ्याकडे नेहमीच येतो. तरी हेच प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण दोघांनी आणलेले आकडे खरे होते आणि दोघांची उत्तरं चुकली होती. त्यांच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्याचं गणित मोबाइलवर तयार होतं. युरो तेव्हा ९० रुपयांच्या घरात होता. ३,४०० गुणिले ९० म्हणजे ३,०६,००० रुपये. इथला घरखर्च ६६,८००. तिकडे महाग म्हणून दुप्पट धरला तरी महिन्याला पावणेदोन लाखांच्या आसपास शिल्लक. चार वर्षांत फ्लॅटचं कर्ज फिटतं.

तिनं दुसरा आकडा काढला होता. जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार तिथल्या सरासरी घराचा महिन्याचा खर्च २,८४६ युरो. त्यालाही ९० नी गुणलं की २,५६,१४० रुपये. म्हणजे उरणार जेमतेम पन्नास हजार, आणि तिची इथली ४५,००० ची नोकरी जाणार. "मग एवढा खटाटोप कशासाठी?" हे ती मला विचारत होती, पण बघत होती त्याच्याकडे.

मी दोघांना म्हटलं, गुणाकार बाजूला ठेवू. आधी घरातली वही बघू.

ही वही आजींची. लाल पुठ्ठ्याची, आडवी, वाण्याच्या दुकानात असते तशी. नवी सून घरात आल्यापासून ती सुनेच्या हाती आली, पण सवय मोडली नाही. जानेवारीचं पान असं होतं: किराणा ९,५००, दूध ३,६००, भाजी-फळं ५,२००, बाहेरचं खाणं ६,५००, पोळ्यांच्या आणि धुण्याभांड्यांच्या मावशी मिळून ५,८००, सोसायटीचा मेंटेनन्स ३,५००, वीज-पाइपगॅस-फोन ४,७००, पेट्रोल आणि रिक्षा ७,०००, बालवाडी व पाळणाघर ९,८००, आजींची औषधं ४,२००, आणि कपडे, आहेर, वाढदिवस वगैरे ७,०००. एकूण ६६,८००. बेरीज चोख होती.

पण जानेवारीत दिवाळी नसते. आरोग्य विम्याचा हप्ता जूनमध्ये जातो, ३८,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग १४,०००. दिवाळी २५,०००. मे महिन्यातला गावचा आणि कोकणचा प्रवास २५,०००. वर्षाचे हे १,०२,००० रुपये महिन्यांत वाटले की ८,५०० होतात. खरा खर्च ७५,३००. बहुतेक घरांत हाच भाग विसरला जातो. देशभरातल्या घरांचा खर्च विचारणाऱ्या आपल्या सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीलाही हे ठाऊक आहे. म्हणून ती भाजी, तेल, अंडी असल्या गोष्टी गेल्या सात दिवसांच्या विचारते, आणि कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू, दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च गेल्या ३६५ दिवसांचा.

या पाहणीबद्दल मला आदर आहे. पुण्यात बीएमसीसी रस्त्यावरची गोखले इन्स्टिट्यूट १९३० सालची. तिथल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास १९७१ मध्ये मांडला, त्याला अशाच घरखर्चाच्या आकड्यांचा आधार होता. कुणाच्या ताटात किती पडतं हे कळायचा आपल्याकडे दुसरा भरवशाचा मार्ग नाही, कारण उत्पन्न विचारलं की लोक हात आखडता घेतात.

तर या घराचा माणशी खर्च १८,८२५ रुपये. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ च्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागातला माणशी सरासरी खर्च ७,३६३ रुपये आहे आणि देशाच्या शहरांतला ६,९९६. ती एकदम म्हणाली, "म्हणजे आम्ही सरासरीच्या अडीचपट? आम्ही तर मध्यमवर्गीय आहोत." देशाच्या शहरांतल्या सर्वांत वरच्या पाच टक्के लोकांचा सरासरी माणशी खर्च २०,३१० आहे, हेही मी सांगितलं. तो गप्प झाला. माझ्यासमोर बसलेली बहुतेक कुटुंबं इथे गप्प होतात. त्यांना खोटं वाटतं. पाहणीत वरच्या थरातल्या घरांचा खर्च पुरता पकडला जात नाही, अशी शंका अभ्यासकही घेतात, आणि ती रास्त आहे. पण सोसायटीच्या फाटकाबाहेर पाहिलं की हा आकडा अजिबात खोटा वाटत नाही.

शिवाय या ७,३६३ मध्ये काय धरलेलं नाही, तेही महत्त्वाचं. घर स्वतःचं असेल तर भाडं शून्य धरतात. कर्जाचा हप्ता खर्चात येत नाही, कारण मुद्दल फेडणं म्हणजे मालमत्ता घेणं. हीच गोष्ट जर्मनीत उलटी आहे. तिथे स्वतःच्या घरात राहणाऱ्याच्या नावावरही, त्यानं भाडं भरलं असतं तर किती भरलं असतं, तेवढी रक्कम, म्हणजे मानीव भाडं, खर्च म्हणून चढवतात. म्हणजे कर्वेनगरचं हेच घर जर्मन पद्धतीनं मोजलं, तर त्या भागातलं चालू भाडं धरून महिन्याचा खर्च २५ ते ३० हजारांनी वाढेल. एक पैसाही जास्त न खर्चता.

त्याच्या लॅपटॉपवर पाच देशांचा तक्ता होता. मेहनतीनं केलेला. त्यात इंग्लंडच्या ओळीत २,२७१ पौंड होते. हा आकडा कुठून आला ते शोधलं, तर मूळ ५६७.७० पौंड निघाले, २०२२-२३ सालचे. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय खर्च आठवड्याचा देतं, कारण तिथे घरं दोन आठवडे रोजनिशी भरतात. यानं चारनं गुणलं. महिन्यात चार आठवडे आणि वर दोन-तीन दिवस असतात. ५२ नं गुणून १२ नं भागलं की २,४६० होतात. एका ओळीत १८९ पौंडांचा फरक.

अमेरिकेच्या ओळीत ६,४४० डॉलर. न्यू जर्सीतल्या त्याच्या मावसभावानंही फोनवर "साडेसहा हजार तर लागतातच" असं सांगितल्यामुळे तो आकडा दोघांना अगदी पक्का वाटत होता. तो बरोबर आहेच. २०२३ चा वर्षाचा सरासरी खर्च ७७,२८० डॉलर, घरात सरासरी अडीच माणसं. पण त्यात ९,५५६ डॉलर निवृत्तिवेतन, सोशल सिक्युरिटी आणि आयुर्विम्याचे आहेत. आपल्याकडे प्रॉव्हिडंट फंड कापला गेला तर आजी तो वहीत खर्च म्हणून लिहितील का? अमेरिकेची पाहणी लिहिते. शिवाय ६,१५९ डॉलर आरोग्याचे, त्यातला मोठा भाग विम्याचा हप्ता. जर्मनीत सक्तीच्या आरोग्य विम्याचा हप्ता पगारातूनच जातो आणि घरखर्चात दिसत नाही. दोन्ही देशांतला माणूस विम्याचे पैसे भरतोच. एकाकडे ते वहीत चढतात, दुसऱ्याकडे वहीच्या आधीच गेलेले असतात.

जपानची ओळ तिनं भरली होती. दोन किंवा अधिक माणसांच्या घराचा २०२४ चा महिन्याचा खर्च ३,००,२४३ येन. तिकडची घरं सहा महिने हिशेबाची वही भरून देतात, हे ऐकून ती खूश झाली. आजींना सांगायला हवं म्हणाली. त्या वर्षी जपानी घराच्या खर्चातला अन्नाचा वाटा २८.३ टक्के होता, चार दशकांतला सर्वांत जास्त. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये नियम मांडला होता की घर जितकं गरीब तितका अन्नाचा वाटा मोठा. भारताच्या शहरांत हा वाटा १९९९-२००० मध्ये ४८ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३९.६८. कर्वेनगरच्या या घरात खाण्यापिण्याचे २४,८०० म्हणजे ३३ टक्के. अमेरिकेत १२.९. म्हणून जपानी माणूस काही कर्वेनगरच्या घराइतका गरीब ठरत नाही. तिथे म्हाताऱ्या माणसांची घरं वाढली, अन्न महागलं, आणि स्वतःच्या घराचं मानीव भाडं त्या हिशेबात नाही, त्यामुळे छेदच लहान. एंगेलचा नियम एका देशात, एकाच पद्धतीनं मोजलेल्या दोन घरांना छान लागू पडतो. देश बदलला की सांभाळून.

आता मावशींकडे येते. या प्रकरणात मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी ओळ तीच होती.

त्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं की डॉलर-युरोचा बाजारभाव धरूच नये, क्रयशक्तीचा दर धरावा. तत्त्व बरोबर आहे. जागतिक किंमत तुलनेच्या २०१७ च्या फेरीत एका डॉलरचा क्रयशक्ती दर २०.६५ रुपये निघाला, तेव्हा बाजारात डॉलर ६५.१२ ला होता. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या गोष्टी भारतात बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत होत्या. पण ही सगळ्या अर्थव्यवस्थेची सरासरी. लॅपटॉप, विमानाचं तिकीट दोन्हीकडे जवळपास सारखंच पडतं. फरक पडतो तो माणसाच्या कष्टांच्या किमतीत.

५,८०० रुपये म्हणजे ६४ युरो. जर्मनीत २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. या घरातल्या दोन्ही मावशींचं महिनाभराचं काम, रोजच्या पोळ्या, भांडी, केर, फरशी, हे सगळं मिळून तिथले पाच तास. मी हे वहीच्या समासात लिहिलं आणि आम्ही तिघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

पोळ्यांच्या मावशी मी ओळखत नाही, पण तिनं सांगितलं ते असं. सहा घरी पोळ्या करतात, नवरा रंगकाम करतो, दोन मुलं. दहा बाय बाराच्या खोलीला ६,००० भाडं. चौघांचा महिना बावीस हजारांत बसवतात, म्हणजे माणशी साडेपाच हजार. भाडं भरणाऱ्या घरात वहीची पहिली ओळ भाड्याची असते, बाकी सगळं तिच्या खाली. एकाच इमारतीत, एकाच ओट्याशी रोज अर्धा तास उभ्या असणाऱ्या दोन घरांत माणशी खर्चाचं प्रमाण तीनास एकपेक्षा जास्त आहे. दोन देशांच्या सरासरींमधली दरी आपण चवीनं वाचतो. ही दरी स्वयंपाकघरात असते आणि तिच्यावरच आपला कमी घरखर्च उभा असतो. मला हे बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि ग्राहकांना ते नेहमी आवडतं असं नाही.

जर्मनीचा अंदाज मग आम्ही ओळीनं मांडला. आधी तिचा २,८४६ चा आकडा. जर्मन घरात सरासरी दोन माणसं. हे तिघं जाणार. सरळ दीडनं गुणणं चूक, कारण तिसऱ्या माणसासाठी वेगळी शेगडी पेटत नाही. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या अभ्यासांत माणसांच्या संख्येचं वर्गमूळ धरायची रीत आहे. त्या हिशेबानं तीन माणसांना साधारण ३,४८५ युरो, म्हणजे त्याच्या पगाराहूनही जास्त. एका बाजूनं तिचा अंदाज फारच आशावादी ठरला. दुसऱ्या बाजूनं, त्या सरासरीत गाड्या विकत घेणारी, दोघंही कमावणारी, स्वतःच्या मोठ्या घरात राहणारी आणि मानीव भाडं चढवलेली कुटुंबंही आहेत. नव्यानं गेलेलं पुणेरी कुटुंब तसं जगत नाही.

भाड्यावर गाडी अडली. त्यानं ११५० युरो धरले होते. जर्मनीत भाडं दोन प्रकारे सांगतात. ‘काल्ट’ म्हणजे नुसत्या जागेचं, ‘वार्म’ म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. त्यानं काल्ट वाचलं होतं. वार्म १,४५० होत होतं. अनामत तीन काल्ट भाड्यांपर्यंत घेता येते, आणि अनेक घरांत ओटा, कपाटं, शेगडी नसतेच, ती आपण बसवायची. त्यामुळे पहिल्या महिन्यात पाचेक हजार युरो हाताशी हवेत. बाकीच्या ओळी अशा: किराणा ५५०, वीज ९०, प्रत्येक घराला सक्तीची असलेली प्रसारणाची वर्गणी १८.३६, फोन-इंटरनेट ६०, दोघांचे देशभर चालणारे बस-रेल्वे पास तेव्हाच्या दरानं प्रत्येकी ५८, बालवाडी जेवणासकट २५०, कपडे १२०, बाहेर खाणं १५०, किरकोळ १६०, आणि वर्षातून एकदा पुण्याला यायचं तर महिन्याचे २००. एकूण ३,१६४.

इथे दोघं थांबले होते. मी विचारलं, "आणि आजी?"

आजी येणार नव्हत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मग कर्वेनगरचं घर चालू राहणार: सोसायटी, वीज, औषधं, किराणा-दूध, मावशी, विमा मिळून २४,००० रुपये. त्यात हप्ता ३४,०००. हे ५८,००० रुपये म्हणजे साधारण ६४५ युरो. दोन्ही घरं मिळून ३,८०९. येणारे पैसे ३,४०० आणि मुलीसाठी सरकारकडून तेव्हा मिळणारे २५५, एकूण ३,६५५. दर महिन्याला १५४ युरोंची तूट. पुण्यात मात्र दोघांच्या पगारातून हप्ता जाऊन पन्नास हजार रुपये शिल्लक पडत होते.

त्याचा चेहरा उतरला. पावणेदोन लाखांची शिल्लक तासाभरात उणे झाली होती.

नातेवाइकांनी सुचवलेला मार्ग होता, तू एकटा पुढे जा. तोही तपासला. बायको जर्मनीत राहत नसेल तर विवाहितांचा सवलतीचा करवर्ग मिळत नाही, हातात येणारे पैसे साडेतीनशे-चारशे युरोंनी कमी होतात, आणि मुलगी भारतात असेल तर तिचे २५५ ही नाहीत. भाडं तेवढं वाचतं, पण चालवायची घरं दोनच राहतात. शिवाय ती म्हणाली, "मुलगी चार वर्षांची आहे. हे वर्ष परत मिळत नाही." या वाक्याला माझ्या तक्त्यात ओळ नव्हती.

तक्ता घेऊन त्यानं कंपनीशी बोलावं असं मी सुचवलं. मोघम "पगार वाढवा" असं म्हणायचं नाही, आकडे दाखवायचे. पुणेकर घासाघीस तुळशीबागेत करतो आणि पगाराच्या वेळी संकोचतो. कंपनीनं ६२,००० दिले, म्हणजे हातात साधारण ३,६००, वर तीन महिने सामानासकट घर आणि स्थलांतरासाठी एकरकमी ५,००० युरो. महिन्याची तूट जाऊन ४६ युरो उरू लागले. बचत म्हणून हे काहीच नाही. पण पहिल्या वर्षी बचत होणार नाही हे कळून-सवरून जाणं वेगळं. दोघांनी एक अट घातली: ती इथूनच जर्मन शिकायला लागेल, तिथे दीड वर्षात नोकरी धरेल, आणि तसं झालं नाही तर परत यायचं. तो दिवस वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला.

ऑगस्टमध्ये ते गेले. तोवर युरो शंभरीपार गेला होता, त्यामुळे इथले ५८,००० रुपये त्यांना ५७० युरोंच्या आत पडू लागले. यात आमची हुशारी काही नव्हती. रुपया उलट फिरला असता तर तेवढाच चटका बसला असता.

अंदाज कुठे चुकला तेही सांगते. किराणा पहिल्या महिन्यात ६४० झाला, कारण तूरडाळ, गोडा मसाला, तांदूळ सगळं भारतीय दुकानातून. नंतर ५२० वर आला. ऑक्टोबरमध्ये मुलीला ताप आला. डॉक्टरांकडून निघताना ही पाकीट उघडून काउंटरशी उभी राहिली. बाईंनी विम्याचं कार्ड परत दिलं आणि पुढच्याला बोलावलं. औषधाच्या दुकानातही चिठ्ठीवर मुलीचं औषध फुकट. तिनं मला लिहिलं की ती दोन मिनिटं तिथेच उभी होती, कुणीतरी बिल घेऊन मागे येईल असं वाटत होतं. ते बिल दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीतच भरलेलं असतं, हे पगारपत्रकं सांभाळणाऱ्या बाईला मी काय सांगणार? तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

आजींचा खर्च आम्ही कमी धरला होता. एकटीला रात्री भीती वाटते, गुडघे दुखतात, बँकेत कुणी सोबत लागतं. पोळ्यांच्या मावशी आता संध्याकाळी दोन तास जास्त थांबतात.

श्टुटगार्टच्या भागात जुनी रीत आहे, केअरवोखे. इमारतीतल्या भाडेकरूंनी आळीपाळीनं आठवडाभर जिना आणि फाटकापुढची जागा झाडायची. पाटी दारावर येऊन लटकते, आली की आपली पाळी. नोव्हेंबरमध्ये तिची पहिली पाळी होती. चार मजल्यांचा जिना, थंडी, गुडघ्यांवर बसून फडका. त्या रात्री तिनं सासूबाईंना फोन केला आणि मावशींचे किती देता ते विचारलं. डिसेंबरच्या पानाचा फोटो आजींनी मला पाठवला, बेरीज तपासायला. मावशी, आठ हजार. खाली आजींच्या अक्षरात: सूनबाईंनी सांगितल्याप्रमाणे.